कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार

पुण्याच्या मार्केट यार्डातील गूळ-भुसार बाजारात कोल्हापूरचे नाव रोज घेतले जाते, ते गुळासाठी. गुळाखेरीज चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि अंबाबाईचे देऊळ एवढ्यावर बहुतेक पुणेकरांचे कोल्हापूर संपते. ज्या पंचगंगेच्या पाण्यावर तो ऊस पोसला जातो, त्याच पाण्यावरची सकाळ आणि संध्याकाळ आयुष्यभर रंगवत बसलेला एक चित्रकार त्या गावात होऊन गेला, हे मात्र चित्रकलेशी संबंध असलेल्यांनाच ठाऊक असते. आबालाल रहिमान हे त्यांचे नाव.

ज्यांना हे नाव ठाऊक असते, त्यांनाही बहुधा त्यांच्याविषयीची एकच गोष्ट ठाऊक असते. आपले आश्रयदाते राजर्षी शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवून टाकली, ही ती गोष्ट. ती इतकी चटका लावणारी आहे, की तिच्यापुढे दुसरे काही विचारण्याचे भानच राहत नाही. बुडालेल्या चित्रांविषयी हळहळताना उरलेली चित्रे पाहायची राहून जातात. आबालालांच्या बाबतीत गेली कित्येक दशके नेमके हेच घडत आले आहे. आधुनिक महाराष्ट्रात निसर्ग हाच चित्राचा विषय मानून त्यावर आयुष्य ओवाळून टाकणाऱ्या अगदी पहिल्या काही चित्रकारांपैकी ते एक. पण दंतकथेतील तलावाने त्यांच्या चित्रांतील तलाव झाकून टाकला.

आबालालांचा जन्म कोल्हापुरात १८६०च्या आसपास झाला. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चालत असे. छापखाने आले तरी हाताने लिहिलेल्या पवित्र ग्रंथाचे मोल त्या काळी टिकून होते. असे लेखन म्हणजे केवळ नक्कल नव्हे. कागद गुळगुळीत दगडाने घोटून घ्यायचा, बोरू विशिष्ट कोनात तासायचा, काजळीची शाई डिंकात खलायची आणि श्वास आवरून एकेक अक्षर उतरवायचे. समासातील वेलबुट्टी आणि सोनेरी ठिपके हा त्याच कामाचा भाग. अरबी सुलेखनात अक्षराची उंची-रुंदी मोजण्याचे माप बोरूच्या टोकाने उमटणारा ठिपका हेच असते. किती ठिपक्यांचा अलिफ, किती ठिपक्यांची वळणाची खोली, हे ठरलेले असते. ठिपका आणि रेघ यांच्याशी या मुलाची ओळख अशी घरातच झाली. ती पुढे कशी उपयोगी पडली, ते त्यांच्या चित्रांत दिसते.

घरी अरबी-फारसीचे संस्कार आणि बाहेर मराठीचे वातावरण. कोल्हापूरच्या पेठांतून त्या काळी धर्मावरून गल्ल्या वेगळ्या असल्या तरी भाषा एकच होती. मुलाचा चित्रकलेचा ओढा लवकरच उघड झाला. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नजरेस त्यांची रेखाटने पडली आणि तिच्या खटपटीने मुंबईच्या कलाशाळेची वाट मोकळी झाली, अशी हकीगत सांगितली जाते. संस्थानाची गादी तेव्हा अडचणीत होती. चौथ्या शिवाजी महाराजांच्या आजारपणामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला होता. अशा दिवसांत होतकरू मुलाला गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरातून शब्द मिळणे ही फार मोठी गोष्ट होती.

कोल्हापूरहून मुंबई गाठणे तेव्हा सोपे नव्हते. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये. त्यापूर्वी कऱ्हाड, साताऱ्यावरून कात्रजचा घाट उतरून पुण्यापर्यंत गाडीरस्त्याने यायचे आणि तिथून आगगाडीने बोरघाट ओलांडायचा. आबालाल मुंबईला गेले ते १८८०च्या दशकात. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्या वेळी ऐन भरात होते. जॉन ग्रिफिथ्स हे प्राचार्य. १८७२ पासून त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचे काम चालवले होते आणि ते १८८५ पर्यंत चालू राहिले. एकीकडे अजिंठा आणि दुसरीकडे ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे, अशा दुहेरी वातावरणात ही पिढी घडली.

त्या शिक्षणाचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून आलेला होता. एकच पुतळा समोर ठेवून आठवडेच्या आठवडे त्याची छायाप्रकाशातली रेखाटने करायची, पेन्सिलीच्या टोकाने बारीक ठिपके देत देत उजेडाकडून अंधाराकडे जायचे, ही तिथली रीत. चैतन्यहीन, कंटाळवाणी पद्धत म्हणून पुढच्या काळात तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी योग्यही होती. पण बोरूच्या ठिपक्यांत वाढलेल्या या विद्यार्थ्याला ती जाचली नसावी. आबालालांनी यथार्थ चित्रणावर असामान्य हुकमत मिळवली. व्हाइसरॉयच्या नावाचे पदक त्यांनी पटकावले. नवशिक्यांपुढे नमुना म्हणून ठेवावी अशी त्यांची अभ्यासचित्रे होती.

यानंतर ते मुंबईतच राहिले असते तर काय घडले असते, याचा अंदाज बांधता येतो. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली होती. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या महाराजांसाठी काढलेली पौराणिक चित्रे १८९० च्या सुमारास मुंबईत लोकांनी गर्दी करून पाहिली. १८९४ मध्ये त्यांचा शिळाप्रेसही मुंबईत सुरू झाला. पारशी आणि गुजराती शेठ, संस्थानिक, न्यायाधीश, सगळ्यांनाच तैलरंगातील व्यक्तिचित्रे हवी होती. रेखाटनावर एवढी पकड असलेल्या चित्रकाराला कामाची ददात पडली नसती. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि नंतरचे सारे आयुष्य तिथेच राहिले. मुंबईने शिकवले ते घेतले. मुंबईचा बाजार मात्र घेतला नाही.

या परतण्याचे महत्त्व कळायला त्या काळी निसर्गचित्राला आपल्याकडे काय जागा होती, ते पाहायला हवे. लघुचित्रांत झाडे, ढग, डोंगर होते, पण ते कृष्णाच्या किंवा राजाच्या मागे. जागेचे चित्र काढायचे ते जागेसाठी, ही कल्पना आली ती इंग्रजांबरोबर. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानभर हिंडून देवळे, घाट आणि किल्ले चितारले. पुण्यात सवाई माधवरावांच्या काळात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली शनिवारवाड्यात कलाशाळा निघाली होती. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटांनी वेरूळ-कार्ल्याची लेणी मोठ्या निगुतीने रेखाटली. मात्र ती सारी नोंद होती. तिथे काय आहे, हे सांगणारी. तिथे आज सकाळी सात वाजता कसे दिसत होते, याची नोंद ठेवण्याचे कुणाला कारण नव्हते. निसर्गचित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावणारा मराठी माणूसही १८९०च्या दशकात शोधूनच काढावा लागला असता.

असा माणूस आबालालांना मिळाला नाही. मिळाला तो राजा. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्या सामाजिक कामाविषयी भरपूर लिहिले गेले आहे. कलांच्या बाबतीतला त्यांचा स्वभावही तसाच रोखठोक होता. गाणे म्हणजे अल्लादिया खाँ, कुस्ती म्हणजे खासबागेचे मैदान, नाटक म्हणजे १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर. जे करायचे ते मनापासून आणि माणूस पारखून. आबालालांना त्यांनी दरबारी चित्रकार म्हणून आसरा दिला. लेखनिकाच्या घरातला मुसलमान चित्रकार, धनगर-मराठ्यांचे पैलवान आणि उत्तरेतून आलेले गवई या सगळ्यांना एकाच छत्राखाली उभे करणारे ते दरबार होते.

महाराजांना शिकारीचा शौक होता. संस्थानात शिकारी चित्ते पाळलेले असत आणि त्यांच्याकरवी काळविटांची शिकार खेळली जाई. आबालाल या मोहिमांवर बरोबर असत. दरबारी चित्रकाराचे काम धन्याचा पराक्रम चितारण्याचे. पण दाट रान, पहाटेचे दव, हाकाऱ्यांची वाट पाहत काढलेले तास, हे सगळे शिकारीच्या निमित्ताने चित्रकाराच्या पदरात पडत होते. व्यक्तिचित्रे, शिकारीचे प्रसंग, महाराज सांगतील ते काम त्यांनी केले आणि चोख केले. तरी त्यांचा जीव होता तो दुसरीकडेच.

कोटितीर्थ हा शहराच्या पूर्वेकडचा तलाव. १९०६ साली महाराजांनी सुरू केलेल्या शाहू मिलचा परिसर त्याला लागूनच. गावापासून जरा बाजूला, झाडीने वेढलेल्या त्या काठावर आबालालांनी आपले बस्तान बसवले. दरबारी चित्रकार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा थाट त्यात नव्हता. राहणी फकिराची, गरजा मोजक्या आणि दिवसाचे वेळापत्रक उजेडाने ठरवलेले. प्रदर्शने, समीक्षा, मानपत्रे यांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. कोटितीर्थाचे पाणी, पंचगंगेचा घाट, ब्रह्मपुरीच्या बाजूची समाधिमंदिरे, रंकाळ्यातला संध्यामठ हे त्यांचे विषय. यातले एकही ठिकाण दुसऱ्यापासून घटकाभराच्या चालीपेक्षा फार दूर नाही. एवढ्याशा टापूत एक चित्रकार जवळजवळ चाळीस वर्षे फिरत राहिला.

चित्रकलेत याला धाडस लागते. नवा देखावा शोधत हिंडणाऱ्या चित्रकाराला विषयाचे नावीन्य हात देते. तोच घाट शंभराव्यांदा रंगवायला बसणाऱ्याजवळ नावीन्याचे एकच साधन असते, ते म्हणजे त्या दिवसाचा प्रकाश. कोल्हापूरचा प्रकाश यासाठी उदार आहे. सह्याद्री जवळ असल्याने आषाढ-श्रावणात आभाळ पाण्याला टेकते. पावसाळा सरला, की धुतलेल्या हवेत दूरचा जोतिबाचा डोंगर हाताशी आल्यासारखा दिसतो. मार्गशीर्षात नदीवर धुके तरंगते आणि त्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळतो. वैशाखात सगळे पांढुरके, भगभगीत होते आणि सावल्या जांभळ्या पडतात. सावली काळी नसते, तिला रंग असतो, ही गोष्ट कलाशाळेतल्या पुतळ्यांसमोर कळत नाही. ती घाटाच्या पायरीवर बसूनच कळते.

आबालालांचे मुख्य माध्यम जलरंग. तैलरंग, कोळसा, पेन्सिल यांवरही त्यांचा हात बसलेला होता, पण निसर्गचित्रांसाठी त्यांनी पाण्यावर विसंबणे पसंत केले. जलरंगाच्या दोन तऱ्हा. पारदर्शक पद्धतीत कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो. एकदा रंग लागला की तो उजेड परत मिळत नाही, म्हणून पहिल्या फटक्यातच निर्णय पक्का असावा लागतो. अपारदर्शक पद्धतीत रंगात पांढरा मिसळून उजेड वरून चढवता येतो. आबालाल या दोन्हींचा मेळ घालत. आकाश आणि पाणी यांसाठी ओलसर, पातळ धुवण. मग झाडांची पालवी, पायऱ्यांवरची ऊन्हे, पाण्यावरची चमक यांसाठी जाडसर रंगाचे छोटे छोटे ठिपके आणि आखूड फटकारे. जवळून पाहिले तर चित्र म्हणजे रंगीत कणांचा सडा वाटतो. दोन पावले मागे सरले, की त्यातून घाट उभा राहतो, पाणी हलू लागते.

विलायती रंग महाग आणि ते मुंबईहून मागवावे लागत. आबालाल आपले काही रंग स्वतःच तयार करीत, असे सांगतात. त्यात अशक्य असे काही नाही. लेखनिकाच्या घरी काजळी, गेरू, पिवडी, हिंगूळ यांचे खल-बत्ते नेहमीचेच. बारीक वस्त्रगाळ केलेली माती डिंकाच्या पाण्यात घोटली, की जलरंग होतो. दुकानातल्या वडीतही याहून निराळे काही नसते. आपल्याच गावच्या मातीने आपल्याच गावचा काठ रंगवायचा, याचा एक फायदा असा, की रंगांची जात आपोआप जुळते. त्यांच्या चित्रांतील तांबूस-करडी माती उसनी वाटत नाही, ती यामुळेही असेल.

या ठिपक्यांमुळे आबालालांची तुलना फ्रेंच चित्रकारांशी करण्याचा मोह अनेकांना होतो. जॉर्ज सरा यांचे शुद्ध रंगांच्या ठिपक्यांतून साकारलेले रविवारच्या दुपारचे प्रसिद्ध चित्र पॅरिसमध्ये १८८६ साली मांडले गेले. आबालाल तेव्हा मुंबईत पुतळ्यांची रेखाटने करीत होते. फ्रेंच दृक्‌प्रत्ययवाद्यांची चित्रे त्यांनी पाहिली असण्याचा संभव जवळजवळ नाही. जे. जे.मधले इंग्रज शिक्षक स्वतःच त्या वाऱ्यापासून दूर होते. मग हे साम्य आले कुठून? उत्तर पॅरिसमध्ये शोधण्याचे कारण नाही. बोरूचा ठिपका, पोथीच्या समासातील सोनेरी बिंदू, साउथ केन्सिंग्टनची ठिपक्याठिपक्यांनी छाया भरण्याची शिस्त आणि समोर सतत हलणारे पाणी, एवढे साहित्य एका हातात आल्यावर तो हात त्या निष्कर्षाला आपल्या वाटेने पोचू शकतो. सरांच्या ठिपक्यांमागे प्रकाशविज्ञानाची पुस्तके होती. आबालालांच्या ठिपक्यांमागे सवय होती आणि ध्यान होते. त्यांना कोल्हापूरचे अमुक किंवा तमुक म्हणणे हा कौतुकाच्या आवेशात केलेला अन्यायच ठरतो.

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. वय अवघे ४७. कोल्हापूरने त्या दिवशी काय गमावले याची यादी लांबलचक आहे. साठी ओलांडलेल्या आबालालांनी आपला एकमेव जाणता प्रेक्षक गमावला. त्यानंतर कधीतरी त्यांनी चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिले. दुःखाने, वैराग्याने की रागाने, याबद्दल प्रत्येक सांगणारा आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतो. आकड्याला तर मर्यादाच राहिलेली नाही. आकडा बाजूला ठेवला तरी चाळीस वर्षे रोज काम करणाऱ्या माणसाजवळ कागदांचा डोंगर साठला असणार, हे उघड आहे. आणि आज जे उरले आहे ते त्या मानाने फारच थोडे आहे, हेही.

पाण्यात पडलेल्या जलरंगाचे काय होते, ते कुणी फारसे सांगत नाही. तैलरंगाचा कॅनव्हास काही काळ तग धरतो. जलरंग मात्र डिंकाने बांधलेला असतो आणि डिंक पाण्यात विरघळतो. काही मिनिटांत जाडसर ठिपके सुटू लागतात, रंगाची धूळ पाण्यात पसरते. मग कागदावरची सरस मऊ पडते, कागद फुगतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा लगदा होऊन तो तळाच्या गाळात मिसळतो. कोटितीर्थात बुडी मारून आबालालांचे एखादे चित्र वर काढण्याची कल्पना कितीही रम्य असली, तरी तिला आधार नाही. त्या तलावात जे गेले ते त्याच आठवड्यात संपले. गेरू आणि पिवडी ज्या मातीतून आली होती तिच्यातच परत गेली, एवढेच.

योगायोग असा, की पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला, कॅनडात, त्याच सुमारास आणखी एका निसर्गचित्रकाराचे नाव एका तलावाशी कायमचे जोडले गेले. टॉम थॉमसन हे १८७७ साली ऑन्टारियोत जन्मलेले. टोरांटोत जाहिरातींची चित्रे काढून पोट भरणारे. १९१२ पासून ते अल्गोन्क्विन उद्यानाच्या रानात जाऊ लागले आणि पाच वर्षांत त्यांनी वहीच्या आकाराच्या लाकडी फळ्यांवर सुमारे चारशे तैलचित्रे जागेवर बसून रंगवली. जुलै १९१७ मध्ये कॅनू लेक नावाच्या तलावात त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूविषयी तर्क-कुतर्क तिथेही अजून थांबलेले नाहीत. फरक पुढे आहे. थॉमसन बुडाले, पण त्यांच्या फळ्या वाचल्या. मित्रांनी त्या गोळा केल्या, जपल्या. हयातीतच त्यांचे एक चित्र कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले होते आणि मृत्यूनंतर वर्षभरात ‘द जॅक पाइन’ही त्या संग्रहात गेले. ज्या मित्रांबरोबर त्यांनी काम केले, त्यांनी १९२० मध्ये ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन केला आणि त्या देशाला आपल्या रानाकडे पाहण्याची नजर दिली. आज कॅनडातील शाळकरी मुलालाही ते वाऱ्यात वाकलेले एकटे झाड ओळखता येते.

कोल्हापुरात १९२२ मध्ये आबालालांची चित्रे ठेवायला जागाच नव्हती. गावात राजवाडे होते, पण कलासंग्रहालय नव्हते. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंसाठी संग्रहालय उभे राहिले ते १९४५-४६ मध्ये. मुंबईतले प्रदर्शन चार दिवसांचे, आणि राजाची मर्जी राजाच्या हयातीपुरती. एका वृद्ध, एकट्या माणसाने आपल्या आयुष्याच्या कामाचे काय करायचे, या प्रश्नाला त्या गावात त्या वर्षी उत्तर नव्हते. तलावाची गोष्ट अवलिया कलावंताची लहर म्हणून सांगितली, की ऐकणारा मोकळा होतो. चित्रे बुडवणारे हात आबालालांचे होते, हे खरे; पण ती घेऊन जायला दुसरे कुणाचे हात पुढे आले नव्हते, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे.

तरीही कोल्हापूर त्यांना विसरले असे म्हणता येणार नाही. गावातल्या तरुण चित्रकारांची त्यांच्यावर भक्ती होती. बाबूराव पेंटर हे त्यांतले अग्रणी. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या बंधूंच्या कामात नदीकाठ, वने आणि मेघ यांचे जे भान होते, त्याची मुळे कोल्हापूरच्या या निसर्गचित्र-परंपरेत आहेत. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. तिथे तयार झालेल्या दामले, फत्तेलाल आणि शांतारामबापूंनी १९२९ मध्ये प्रभातची स्थापना केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही मुळात कुंचल्याचे कलावंत. प्रभातच्या चित्रपटांतील पाण्याचे, पहाटेचे आणि दिवेलागणीचे प्रसंग पाहताना कोल्हापूरच्या काठांची आठवण झाली, तर ती निव्वळ कल्पना समजू नये. पुढच्या पिढीत नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे हे तर आयुष्याच्या उत्तरार्धात निसर्गचित्रांतच रमले आणि कोल्हापुरातील त्यांचे राहते घर आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे.

शाहू महाराजांच्या मागे आबालाल सुमारे साडेनऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही, असे म्हणतात. तसे असेल तर बुडवण्याच्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. सगळे संपले म्हणून त्यांनी चित्रे बुडवली असती, तर नंतर कुंचला हाती धरण्याचे कारण उरले नसते. पाण्यात गेले ते साठलेले काम. रंगवणे चालू राहिले.

त्यांची उरलेली चित्रे काही खासगी संग्रहांत आणि काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. मेजर चार्ल्स मँट यांनी बांधलेल्या त्या इमारतीत ब्रह्मपुरीला सापडलेल्या वस्तू पाहायला शाळांच्या सहली येतात. जलरंगाला उजेड मानवत नाही; दीर्घकाळ प्रकाशात राहिल्यास नाजूक छटा आधी विटतात आणि दमट हवेने कागदावर तपकिरी डाग पडतात. ज्या उजेडासाठी आबालाल घाटावर बसत, त्याच उजेडापासून त्यांची चित्रे जपावी लागतात. महाराष्ट्रातल्या जुन्या संग्रहांत यासाठी लागणारा खर्च आणि माणसे यांची चणचण नेहमीचीच. कोटितीर्थापासून जे वाचले, ते असे भिंतीवर हळूहळू पुसट होऊ नये, एवढे तरी या शहरांना करता येण्याजोगे आहे.

रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो. उन्हाळ्यात पाणी उतरले, की आधी त्याचे छत दिसू लागते, मग खांब, मग ओल्या दगडांवरची शेवाळी रेषा. आबालालांनी हा मठ रंगवला तेव्हाही तो असाच दरवर्षी बुडत होता आणि दरवर्षी वर येत होता.